मागे माणसे बसतात तेव्हा

नंदिगड्ड्याच्या फेरीत एका घरी चहा घेतल्यावाचून आम्हांस पुढे जाऊ दिले जात नाही, हे आमच्या वाचकांस आता ठाऊक झालेले आहे. गेल्या महिन्यात त्याच घराच्या पडवीत बसलो असता घरचा थोरला मुलगा हातात घडी केलेला कागद घेऊन पुढे आला आणि त्याची आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "फादर, एक काम होते," मुलगा म्हणाला. अशी सुरुवात झाली म्हणजे कागद शाळेच्या दाखल्याचा तरी असतो, नाहीतर जमिनीच्या वाटणीचा तरी, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव. ह्या वेळी तो दोहोंपैकी कोणताच नव्हता. तो डॉक्टरांनी भरून द्यावयाचा 'नमुना १-अ' होता, आणि कोरा होता.

मुलाचे वय २२. हलक्या वाहनाचा परवाना त्याच्याजवळ तीन वर्षांपासून आहे. मामाची जीप तो चालवितो, सुपारीची पोती जोयड्यास पोहोचवितो, कोणी आजारी पडले तर दवाखान्यात नेतो. आता त्याला बस चालवावयाची आहे. त्यासाठी लागतो त्या परवान्याला आपल्याकडे लहानथोर सगळे 'हेवी लायसन' म्हणतात. सरकारी मराठीने त्यास 'अनुज्ञप्ती' असे भारदस्त नाव दिले आहे, पण ते उच्चारताना आम्हीही अडखळतो. कन्नड पाटीवर मात्र 'चालना परवानगी' असे लिहिलेले असते आणि ते आपल्या म्हाताऱ्यांनाही समजते. असो.

"तुमची त्या डॉक्टरांशी ओळख आहे, फादर," आई म्हणाली. "एक शब्द टाका ना. तपासणीचे राहू दे, नुसती सही करतील."

तपासणीचे का राहू द्यावे, असे आम्ही विचारले. मुलाने खाली पाहिले आणि थोड्या वेळाने सांगितले की, रात्री समोरून गाडी आली म्हणजे तिच्या दिव्यांचा उजेड पसरतो व रस्त्याची कड क्षणभर दिसेनाशी होते. दिवसा काही त्रास नाही. बसमध्ये लागल्यावर पगार नियमित होईल, धाकट्या बहिणीचे शिक्षण पुरे होईल, छपराची कौले बदलता येतील. आणि एवढ्याशा गोष्टीपायी सगळे अडू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आम्ही तेथल्या तेथे 'नाही' म्हणावयास हवे होते. तसे आम्ही म्हटले नाही. "पाहू," असे म्हणून कागद खिशात घातला आणि निघालो. का, ते सांगितल्यावाचून पुढचे लिहिणे खरेपणाचे होणार नाही.

आठ वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी असताना असाच एक तरुण आमच्याकडे आला होता. प्रवासी वाहनाच्या परवान्यासाठी मोटार शिकविणाऱ्या शाळेचा दाखला लागतो. कायद्याप्रमाणे हे शिक्षण निदान ३० दिवसांचे असावे लागते आणि त्यात प्रत्यक्ष चालविण्याचे निदान १५ तास भरावे लागतात. तो मुलगा चार दिवस गेला होता. घरी बाप आजारी, रोजंदारी बुडत होती. आम्ही शाळेच्या मालकास चिठ्ठी लिहिली, की मुलगा सज्जन व गरजू आहे, शक्य तेवढे साहाय्य करावे. साहाय्य झाले. तीसही दिवस हजेरी लागली, परवाना मिळाला, मुलाने पेढे आणून दिले आणि आम्ही ते खाल्ले.

पुढल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एका लग्नाची माणसे घेऊन तो लहान बस घेऊन घाट उतरत होता. वळवाची पहिली सर येऊन गेली होती. उतारावर त्याने गाडी वरच्या गिअरमध्येच सोडली व वेग आवरण्यासाठी ब्रेकवर पाय ठेवला तो ठेवलाच. तिसऱ्या वळणापर्यंत ब्रेक तापून निकामी झाले. दैव बलवत्तर म्हणून त्याने गाडी दरीच्या बाजूस न नेता डोंगराच्या बाजूस घातली. प्राणहानी झाली नाही. मागच्या बाकावरील एका वृद्ध बाईंचे खुब्याचे हाड मोडले. विमा कंपनीचा मनुष्य आला, त्याने परवाना पाहिला, शाळेचा दाखला पाहिला आणि सारे नियमानुसार आहे असे लिहून नेले. कागद खरोखरच बिनचूक होता.

त्या बाई पुन्हा आपल्या पायांनी देवळात आल्या नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असू. त्या चालकाविषयी त्या कधी कडवट बोलल्या नाहीत. "पोर घाबरले असेल हो," असे म्हणत. आमच्या चिठ्ठीविषयी त्यांस ठाऊक नव्हते आणि आम्ही ते त्यांस सांगितले नाही. तीन वर्षांनी त्या वारल्या.

नंदिगड्ड्याचा तो कोरा कागद आमच्या खिशात तीन दिवस होता. त्या तीन दिवसांत आम्ही मोटार वाहनांचा कायदा पुन्हा चाळला, आणि आपल्या घराघरांतील तरुणांना तो नीट कोणी सांगितलेला नाही असे दिसल्यावरून येथे देतो.

हलके वाहन चालविण्यास वय १८ पुरते. माणसांची किंवा मालाची वाहतूक करणारे वाहन चालवावयाचे तर १९८८ चा कायदा वय २० सांगतो. आणि नुसते वय भरून भागत नाही, हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष हाती असावा लागतो. त्यानंतर शिकाऊ परवाना, तो सहा महिने चालतो. तो मिळाल्यापासून ३० दिवस गेल्यावाचून चाचणीस उभे राहता येत नाही. आपल्या तालुक्याची माणसे चाचणीला दांडेलीच्या परिवहन कार्यालयात जातात, आणि ज्या वर्गाचा परवाना हवा त्या वर्गाचेच वाहन तेथे न्यावे लागते. जीपवर चाचणी देऊन बसचा परवाना मागता येत नाही. एकदा नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. मिळालेला परवाना पाच वर्षे चालतो. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती वाढली. त्याच दुरुस्तीने एक जुनी सवलतही काढून घेतली आहे. मुदत संपल्यावरही ३० दिवस परवाना चालत असे, तसा तो आता चालत नाही. मुदत संपून वर्ष उलटले तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

आठवी पास नसलेल्यास हा परवाना मिळत नाही, असे आपल्याकडे अजून पुष्कळ जण समजतात. तशी अट होती, ती २०१९ साली उठली. उत्तम गाडी हाकणारे पण चौथीतच शाळा सुटलेले कितीतरी गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. त्यांच्यासाठी आम्हांस आनंद झाला. रस्त्यावरच्या पाट्या मात्र वाचता आल्याच पाहिजेत, आणि आपल्या जिल्ह्यात त्या कन्नडमध्ये असतात. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो ही आठवण वळणावरच्या पाटीपुढे कामास येत नाही.

डोळ्यांचे म्हणाल तर नमुना १-अ मध्ये डॉक्टरांस विचारलेले आहे, की अर्जदारास चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरपाटी वाचता येते काय, रातांधळेपणा आहे काय, तीव्र रंगांधळेपणा आहे काय, आवाज नीट ऐकू येतो काय. २५ मीटर म्हणजे फार नव्हे असे वाटते. पण ताशी ४० किलोमीटर वेगाची बस एका सेकंदात ११ मीटर जाते, तेव्हा ते अंतर सव्वादोन सेकंदांत संपते. आमच्या जोयडा तालुक्याचे रस्ते कसे आहेत ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दोन्हीं बाजूंस काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान, मैलोगणती दिवा नाही, पावसाळ्यात धुके, आणि वळणावर गवा उभा असला तर त्याचे काळे अंग अंधारात अंधारासारखेच दिसते. समोरच्या दिव्याने डोळे दिपलेल्या माणसाला तो दिसावयाचा नाही.

आता उताराविषयी. चाचणीत ज्या गोष्टी पाहावयाच्या त्यांत सपाटीवर, चढावर आणि उतारावर गाडी सुरक्षितपणे हलविणे अशी स्पष्ट नोंद नियमांत आहे. ज्या घाटात जे गिअर चढताना लागते तेच गिअर उतरताना ठेवावे, असे जुने चालक सांगत असत. त्यामागचे कारण साधे आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांस मागे ओढून धरते व ब्रेकला विसावा मिळतो. उलट डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड आमच्या भागात फार आहे. आम्ही स्वतः अशा गाड्यांत बसलो आहो आणि चालकाच्या काटकसरीचे कौतुकही ऐकले आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनचा लगाम सुटतो. सगळे वजन ब्रेकवर येते, ते तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. मोठ्या बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. तो दाब इंजिनावर चालणारा पंप भरून काढीत असतो; इंजिन बंद करून उतरणारा चालक वारंवार पाय दाबून ती हवा संपवून टाकतो, आणि स्टीअरिंगही त्याच्या हातात जड होते. कारवारकडून कद्र्यावरून अणशीचा घाट ज्याने पाहिला आहे त्याला अधिक सांगावयास नको. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, उतरणाऱ्याने थांबावे, हाही नियमच आहे. तो नुसता सौजन्याचा भाग आहे असे समजून पुष्कळ जण मोडतात.

पंधरा तासांत हे सगळे अंगी बाणत नाही हे आम्ही जाणतो. पण चार दिवसांत ते कानांवरसुद्धा पडत नाही.

जीपवाल्यांनी ह्यावर आम्हांस अडविले: आम्हालाही हेवी लायसन काढावयास लावता काय? तसे नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१७ सालचा निकाल कायम केला. गाडीचे भरलेल्या बोजासह वजन ७५०० किलोपर्यंत असेल, तर हलक्या वाहनाच्या परवान्यावर तशी प्रवासी किंवा मालाची गाडी चालविता येते, वेगळी नोंद लागत नाही. जीप, टॅक्सी, लहान टेम्पो ह्यांत येतात. तथापि हा निकाल चालकाच्या परवान्यापुरता आहे, गाडीच्या परवान्याचा त्याच्याशी संबंध नाही. भाडे घेऊन माणसे नेणाऱ्या गाडीला पिवळी पाटी व काळी अक्षरे हवीत, तिच्या नावे प्रवासी वाहतुकीची परवानगी हवी. पांढऱ्या पाटीच्या घरच्या जीपमधून बाजारच्या दिवशी माणशी पैसे घेऊन चौदा जण नेले आणि काही झाले, तर विमा कंपनीस अंग काढून घ्यावयास वाट मिळते. मग भरपाई मालकाच्या शेतावर येते. २५ जुलैस, वाहनचालकांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर ह्यांच्या दिवशी, गाड्या आशीर्वादासाठी आणल्या जातात तेव्हा आम्ही अलीकडे आधी पाटीचा रंग पाहतो. लोक हसतात, हसोत बापडे.

मालाच्या गाडीवर माणसे बसविण्याविषयी तर बोलावयासही जड जाते. २२ जानेवारी २०२५ च्या पहाटे आपल्या शेजारच्या यल्लापूर तालुक्यात, सावणूरहून कुमट्याच्या बाजाराला फळे-भाजी घेऊन निघालेला ट्रक दरीत कोसळला. मालाबरोबर निघालेल्या व्यापाऱ्यांपैकी १० जण गेले. दोष कोणाचा, हे आम्ही ठरवू शकत नाही. एवढेच आम्हांस ठाऊक आहे की, ती माणसे गरिबीमुळे मालावर बसली होती, आणि बसला पैसे पडतात म्हणून आपल्याकडेही सणासुदीला तसेच बसतात.

लग्नघरांस एक विनंती. चालकाला पेल्याचा आग्रह करू नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क निघाला की पहिल्या खेपेस १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय रात्रभर नाचलेल्या वऱ्हाडाला पहाटे घरी पोहोचविणारा चालकही रात्रभर जागलेलाच असतो, हे यजमानांच्या ध्यानात येत नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायद्याने दिवसाला ८ तास अशी मर्यादा घातली होती; आमच्या लग्नांत ती कोणी मोजलेली आम्ही पाहिली नाही.

चौथ्या दिवशी आम्ही नंदिगड्ड्यास परत गेलो आणि कागद कोराच परत केला. आईचा चेहरा उतरला. तेव्हा आम्ही त्या दोघांस त्या वृद्ध बाईंची हकीकत सांगितली, चिठ्ठीसकट. आजवर ती आम्ही पापनिवेदनाबाहेर कोणास सांगितली नव्हती. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "ब्रेक तापल्यावर त्याने करायला काय हवे होते, फादर?" आम्हांस उत्तर आले नाही. ते आम्ही पुढे एका निवृत्त बसचालकास विचारले. तो म्हणाला, तापल्यावर करण्यासारखे फार थोडे असते. जे करावयाचे ते उतार सुरू होण्यापूर्वी.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून धाकट्या मुलीने डोके बाहेर काढले. "मुलींना देतात का हो हे लायसन?" आई म्हणाली, "तू गप्प बस." परंतु प्रश्न रास्त होता. कायद्यात पुरुष-स्त्री असा भेद नाही. तमिळनाडूत वसंतकुमारी ह्या १९९३ पासून सरकारी बस चालवू लागल्या. महाराष्ट्राच्या एस.टी. ने २०१९ साली स्त्रीचालकांचे प्रशिक्षण सुरू केले, त्यात यवतमाळकडील आदिवासी मुलीही होत्या. आणि २०२३ च्या जूनमध्ये अर्चना अत्राम ह्यांनी सासवडहून नीरेपर्यंत प्रवाशांनी भरलेली एस.टी. नेली. जवळजवळ चार वर्षे लागली. मुलीने हे सारे लक्ष देऊन ऐकले व आईकडे न पाहता आत गेली.

मुलगा दुसऱ्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात गेला, कोणाचीही चिठ्ठी न घेता. त्याच्या डोळ्यांस रातांधळेपणा नव्हता. लांबचे दिसावयास नंबर लागला होता, तो कित्येक वर्षे कोणी तपासलाच नव्हता. चष्मा लावून त्याने पाटी वाचली आणि डॉक्टरांनी नमुन्यावर तसे लिहून सही केली. शिकाऊ परवाना आला आहे. मोटारशाळेत तो रोज पहाटेच्या गाडीने जातो, तीसपैकी आज अकरावा दिवस. रोजंदारी बुडते म्हणून मामा कुरकुरतो. जीप रात्री चालविताना तो चष्मा लावतो की मित्र हसतात म्हणून खिशात ठेवतो, ह्याविषयी घरात दोन मते आहेत. त्याच्या बहिणीला आम्ही लक्ष ठेवावयास सांगितले आहे.